पोच पाठवू नका

१

कथासूची करणं हे काही थोर काम नव्हे. कथेचं नाव, अंकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक. एवढं एका कार्डावर लिहायचं आणि पुढचं कार्ड घ्यायचं. अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यावर माझा हात ते आपोआप करतो. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी वारज्याच्या घरात बसले होते. गेल्या वर्षी जानेवारीत एका संस्थेनं गोपाळकृष्ण रिसबूड यांच्या विज्ञानकथांची सूची कराल का म्हणून विचारलं, आणि पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच मी हो म्हटलं.

त्याला कारण होतं. मेहकरला आठवीत असताना विहारातल्या वाचनालयात मी त्यांची एक कथा वाचली होती. त्यात एक अंतराळवीर शंभर वर्षं झोपतो. मी त्यांना पोस्टकार्ड लिहिलं, की शंभर वर्षांत त्याची नखं केवढी वाढली असतील, ती कोण कापतं? पंधरा दिवसांत पुण्याहून उत्तर आलं. ‘चि. पूर्णिमा गवई, नखांचा विचार माझ्याकडून राहिला. पुढच्या कथेत कापतो.’ आणि खरंच, पुढच्या दिवाळीतल्या कथेत यानावर नखं कापणारं यंत्र होतं. आमच्या गल्लीत कुणाला ते खरं वाटलं नाही. मला मात्र तेव्हापासून कळलं की छापलेल्या पानाच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं असतं.

रिसबूड सर दिवसा एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि दुपारी चार ते सहा लिहीत. जून २००८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. आठ महिने अंथरुणावर काढून फेब्रुवारी २००९ मध्ये ते वारले. म्हणजे सूची १९६६ला सुरू होणार आणि २००८च्या दिवाळीला संपणार. सूची करणाऱ्याला याहून सोपं काय हवं?

मार्चअखेरीस माझी एकशे अठ्ठावीस कार्डं झाली. काम संपलं होतं.

२

एक पान क्रमांक तेवढा तपासायचा राहिला होता. ‘नभोरेखा’ या दिवाळी अंकाचा २००८चा बांधीव खंड काढायला मी पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात गेले. खंड जागेवर ठेवताना शेजारचा, २००९चा, हातात आला. सवयीनं अनुक्रमणिका उघडली.

‘छत – गोपाळकृष्ण रिसबूड – १४१.’

मला आश्चर्य वाटलं नाही. लेखक जातो, संपादकाच्या खणात एखादी कथा राहते, ती पुढच्या दिवाळीत छापतात. मी कार्ड केलं, एकशे एकोणतीस.

मग २०१०चा खंड उघडला. ‘पुन्हा छत – गोपाळकृष्ण रिसबूड.’ २०११मध्ये ‘दिवा’. २०१२मध्ये ‘डावीकडची भिंत’. मी स्टुलावर बसले आणि एकेक वर्ष पुढे सरकले. २०१९पर्यंत एकही वर्ष सुटलं नव्हतं. २०२०मध्ये काही नव्हतं. २०२१ला पुन्हा होती, मग २२, २३, २४. कथा लहान लहान होत गेल्या होत्या. ‘छत’ बारा पानांची, शेवटची जेमतेम दीड पानाची.

पंधरा कार्डं झाली. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. सुखदेव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कशाचंही कारण तारेत शोधणारे.

‘‘मग काहून घाबरली?’’ ते म्हणाले. ‘‘लिहून ठेवल्या असतील माणसानं. बायको एकेक देत असंल.’’

मीही तेच म्हणत होते. फक्त एक गोष्ट मला खुपत होती. मी सरांच्या एकशे अठ्ठावीस कथा ओळीनं वाचल्या होत्या. त्यांत एकही कथा प्रथमपुरुषी नव्हती. ‘मी’ हा शब्द ते कधी वापरतच नसत. या पंधराही कथा ‘मी’पासून सुरू होत होत्या.

३

‘नभोरेखा’चं कार्यालय नारायण पेठेत, छपाईच्या दुकानावर. जुने संपादक गेल्यावर त्यांचा मुलगा दिग्विजय पोतनीस अंक काढतो. पस्तिशीचा असेल. समोर तीन फोन आणि बोलण्याला धार.

‘‘रिसबूड सरांची कथा दर वर्षी आषाढात पोस्टानं येते,’’ तो म्हणाला. ‘‘मजकूर हातानं लिहिलेला, पाकिटावर त्यांच्या घरचा पत्ता. बाबा छापायचे, मी छापतो. एवढीच आमची परंपरा.’’

‘‘हस्तलिखितं आहेत?’’

‘‘बाबांनी एकही कागद फेकला नाही. म्हणून तर बसायला जागा नाही.’’

त्यानं कपाटातून एक फाइल काढली. मी पहिलं पान पाहिलं आणि मला ते पोस्टकार्ड आठवलं. खालची गाठ उघडी सोडलेला तोच ‘ळ’, शिरोरेषा तशीच अक्षरापुढे गेलेली. फक्त ओळी सरळ नव्हत्या. डावीकडून उजवीकडे त्या खाली घसरत होत्या, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी शाई फिकी पडत होती. पेन वर धरलं की पडते तशी. आडवं पडून, पाटी छातीवर घेऊन लिहिलेलं असावं तसं ते दिसत होतं.

सरांना कथेखाली ती पूर्ण झाल्याची तारीख घालायची सवय होती. मी शेवटच्या कथेचं शेवटचं पान उलटलं.

१४ मे २०२४.

‘‘या तारखा तुम्ही पाहिल्या नाहीत?’’

‘‘छापताना काढून टाकतो.’’

‘‘ते २००९ला वारले.’’

‘‘मॅडम,’’ दिग्विजय म्हणाला, ‘‘आम्ही शुद्धलेखन तपासतो. जन्ममरण तपासायला महापालिका आहे.’’

पण फाइल माझ्या हातातून घेताना त्यानं ती मिटून, दोरी बांधून, कपाटाच्या अगदी मागच्या बाजूला ठेवली. मी पाहतेय हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं मान वळवली. पंधराही कथांच्या झेरॉक्स मात्र त्यानं आधीच काढून दिल्या होत्या.

४

म्हणजे कुणीतरी सरांचं अक्षर गिरवत होतं. माझी खात्री पटली होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी एरंडवण्यातल्या त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुनर्विकासाची नोटीस जिन्यात लावलेली. सरांच्या पत्नी सुशीलाबाई, वय चौऱ्याऐंशी, एकट्या राहत होत्या. मुलगी शर्मिला वाघोलीला, एका कॉलेजात शिकवते, रविवारी येते.

सुशीलाबाई ताठ बसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. चहा त्यांनी स्वतः केला. मी प्रस्तावनेसाठी म्हणून त्यांच्याकडून माहेरची नावं एका कागदावर लिहून घेतली. अक्षर गोल, सुटं, ओळ सरळ. हस्तलिखितांतलं अक्षर त्यांचं नव्हतं.

‘‘काकू, सरांच्या कथा अजून छापून येतात,’’ मी म्हटलं. ‘‘त्या पाठवतं कोण?’’

‘‘मीच पाठवते.’’

‘‘सरांनी आधी लिहून ठेवलेल्या?’’

‘‘ह्यांच्या खोलीत असतात. पानं पुरी झाली की मी पाकिटात घालते.’’ दूधवाल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. ‘‘पहिल्यापासून तसंच आहे. हे लिहायचे, मी पोस्टात टाकायचे. ह्यांना पोस्टात जायचा कंटाळा.’’

‘‘पण काकू, ते गेल्यावर...’’

‘‘आधी लिहिल्यात असं मी कुठं म्हटलं?’’

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत होते. सुशीलाबाईंनी माझ्यासमोरची कपबशी उचलली, आवाज होऊ नये म्हणून बशीवर बोट दाबून धरलं, आणि म्हणाल्या, ‘‘आता जरा हळू बोलू या.’’

मग मला ते ऐकू आलं. आतल्या खोलीतून. खरखरीत कागदावर टाकाच्या पेनाची निब चालते तसा आवाज. दोन-तीन शब्द. थांबणं. पुन्हा एक लांब ओळ. शेवटी ‘टक्’, पूर्णविरामाचा.

कबुतर असेल, मी मनात म्हटलं. खिडकीच्या जाळीवर नखं घासत असेल. किंवा पंख्याला अडकलेला कागद, किंवा वरच्या मजल्यावर कुणी नारळ खवत असेल. पण मी आयुष्यभर वाचनालयात, लिहिणाऱ्या माणसांमध्ये बसले आहे. त्या आवाजाची मी कशाशी गल्लत करणार?

५

‘‘जायचं असेल तर जा,’’ सुशीलाबाई म्हणाल्या. ‘‘दार उघडंच असतं. बोलू नका फक्त. ह्यांना मधे बोललेलं चालत नाही.’’

मी उठले. पाय माझेच होते, पण कुणी मागून ढकलावं तशी मी त्या दारापाशी गेले. दार अर्धं उघडं होतं.

खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं. खिडकीखाली लिहायचं टेबल, त्यावर काच, काचेवर काहीही नाही. खुर्ची आत सरकवलेली. क्षणभर मला हसू आलं, इतकी ती खोली रिकामी होती.

आवाज टेबलाकडून येत नव्हता. तो डावीकडून, भिंतीलगत, खालून येत होता.

तिथं दिवाण होता. कापसाची जुनी गादी, वर निळी चादर, ताणून घातलेली. चादरीवर एक लाकडी पाटी तिरपी उभी होती. कशाला टेकून ते मला दिसलं नाही. पाटीवर कागद होता. गादी मधोमध खचलेली होती, एका उंच, बारीक माणसाच्या लांबीएवढी. डोक्याशी उशीतही खोलगा होता.

आवाज थांबला.

मी श्वास रोखला होता. दारही हललं नव्हतं. तरी गादीवरचा तो खचलेला भाग हलला. आधी खांद्याकडचा, मग कमरेकडचा, हळूहळू, फार कष्टानं, अर्ध्या अंगावरून वारं गेलेला माणूस कुशीवर वळतो तसा. चादरीला नव्या सुरकुत्या पडल्या. आणि उशीतला खोलगा दाराकडे वळला.

त्यानंतर मी तिथं उभी नव्हते. जिन्यात, नोटिशीपाशी, कठड्याला धरून उभी होते. पर्स वर राहिली होती. सुशीलाबाईंनी ती वरून दोरीच्या पिशवीत घालून खाली सोडली.

६

सुखदेवना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, ते बरं झालं.

‘‘गादी जुनी असंल तर कापूस बसते, उठते,’’ ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, ‘‘तू आता जाऊ नको तिथं.’’

मी आठवडाभर गेले नाही. पण झेरॉक्स घरी होत्या. वर्षाला एक कथा वाचणाऱ्याला त्यांत काही दिसलं नसतं. संपादकानं नाव बघून छापलं, वाचकानं ‘हल्ली यांचं फार अमूर्त झालंय’ म्हणून पान उलटलं. पंधरा कथा एका बैठकीत, क्रमानं वाचायची वेळ फक्त माझ्यावर आली.

ती एकच कथा होती. एक माणूस यानात आडवा पडलेला आहे. त्याला वर छत दिसतं, डावीकडची भिंत दिसते. यान कुठं चाललंय ते त्याला माहीत नाही. तो झोपलेला असतो, आणि ती झोप चांगली असते. पण वर्षातून एकदा पृथ्वीवरून पोच येते, की तुमचा संदेश मिळाला. पोच आली की यानातला दिवा लागतो, आणि दिवा लागला की त्याला जाग येते. जाग आली की हात आपोआप पुढचा संदेश लिहू लागतो. त्याला लिहायचं नसतं. पण जागेपणी दुसरं काही करता येत नाही.

२०१४च्या कथेत त्यानं पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं होतं. ‘जमिनीवरच्या केंद्रास विनंती. संदेश मिळाल्यास पोच पाठवू नका.’

२०१६ला, ‘पोच पाठवू नका. मला वाटतं माझं अक्षर लागत नसावं.’

२०१९ला, ‘कुणी वाचतं का?’

मग २०२०चं रिकामं वर्ष. आणि २०२२ची कथा अशी सुरू होत होती, ‘मध्ये एकदा पोच आली नाही. दिवा लागला नाही. तो काळ किती होता ते सांगता येत नाही. तो काळ फार बरा होता. मग पुन्हा दिवा लागला.’

शेवटच्या, दीड पानाच्या कथेत एवढंच होतं, की केंद्रावरच्या माणसाला तो आता ओळखतो. ते केंद्र त्याच्या घरापासून लांब नाही. तिथं बसणारी व्यक्ती त्याच्यावर प्रेम करते, आणि म्हणूनच पोच पाठवते.

मी ते पान खाली ठेवलं. नखांचा विचार राहून गेला म्हणून शाळकरी मुलीची माफी मागणारा तो माणूस सोळा वर्षं छापील अक्षरात ओरडत होता, आणि मी त्याला पान क्रमांक देत होते.

७

मी पुन्हा गेले. या वेळी सकाळी, अकराच्या सुमाराला. सुशीलाबाई मेथी निवडत होत्या.

‘‘काकू, तुम्ही सरांच्या कथा वाचल्यात?’’

‘‘ते यानंबिनं मला कळत नाही.’’

‘‘या शेवटच्या वाचा. एकदा. ते पाठवू नका म्हणताहेत. छापून आलं की त्यांना जाग येते. त्यांना...’’

‘‘ठाऊक आहे,’’ सुशीलाबाई म्हणाल्या.

त्यांचे हात थांबले नव्हते. पानं एकीकडे, काड्या एकीकडे.

‘‘हे होते तेव्हा एक ओळ वाचली नाही मी. आता सगळं वाचते. चार-चारदा वाचते. दुसरं काय आहे मला वाचायला?’’

‘‘मग तरीही तुम्ही...’’

‘‘त्या लॉकडाउनच्या वर्षी पोस्टात जाता आलं नाही. दिवाळी झाली आणि आवाज बंद पडला. वर्षभर. चार वाजायचे आणि काही नाही. मी त्या दारात खुर्ची टाकून बसायचे. राहिलेलं पाकीट पुढच्या वर्षी टाकलं, तेव्हा पुन्हा सुरू झालं.’’ त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुमचे मिस्टर आहेत ना? मग तुम्हाला नाही कळायचं. पंचेचाळीस वर्षं हे मला म्हणायचे, सुशीला, जरा एकटं सोड. तेव्हा कधी सोडलं नाही. मग आता कशी सोडू?’’

टेबलावर एक पाकीट होतं. ‘नभोरेखा’चा पत्ता, तिकिटं लावलेली. सुशीलाबाईंनी माझी नजर पाहिली आणि ते पाकीट उचलून मांडीवर, मेथीच्या परडीखाली ठेवलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. मी हात लांब केला असता तर ते सहज घेता आलं असतं.

मी हात लांब केला नाही. बराच वेळ आम्ही दोघी मेथी निवडत बसलो.

मग मी दिग्विजयकडे गेले. या वर्षी कथा आली तर छापू नका, म्हणून हात जोडले. ‘‘कारण?’’ त्यानं विचारलं. खरं कारण सांगता येईना, खोटं सुचेना. ‘‘कुटुंबानं लेखी कळवलं तर बघू,’’ तो म्हणाला. मला त्याचा रागही आला नाही.

८

जूनमध्ये सुशीलाबाई न्हाणीघरात पडल्या. शर्मिला त्यांना वाघोलीला घेऊन गेली. मला फोन आला, आई तुमची आठवण काढतेय.

वाघोलीच्या त्या नव्या इमारतीत, मागच्या खोलीत, त्या पलंगावर पडून होत्या. फार लहान दिसत होत्या. शर्मिला बाहेर गेल्यावर त्यांनी उशीखालून ते पाकीट काढलं.

‘‘घे,’’ त्या म्हणाल्या. मला त्या प्रथमच ‘अगं-तुगं’ करत होत्या. ‘‘इतके दिवस वाटायचं, मी ह्यांच्यापाशी बसलेय. आता पडून राहिल्यावर कळलं गं. वरचं छत तेवढं दिसतं. बाकी काही नाही. हे सोळा वर्षं असे होते आणि मी बाहेर बसून ऐकत होते.’’

मी त्यांचा हात धरला.

‘‘ह्यांना झोपू दे. मीही आता जाईन. दोघंही झोपू.’’

जुलैच्या बारा तारखेला त्या गेल्या. ऑगस्टमध्ये एरंडवण्याची इमारत रिकामी झाली. शर्मिलानं दिवाण कुणाला तरी देऊन टाकला, गादीचा कापूस काढून घेतला. मी मुद्दाम विचारलं, खोलीत काही जाणवलं का? तिला प्रश्नच कळला नाही.

पाकीट मी उघडलं नाही. उघडलं असतं तर मी ते वाचलं असतं, आणि वाचणं म्हणजेही पोचच नाही का? आयुष्यात मी कधी छापील काय, कोरा कागदही फाडला नव्हता. त्या दिवशी पाकिटाचे बारीक तुकडे केले, बादलीत भिजवले, संध्याकाळपर्यंत लगदा झाला. सुखदेवनी तो गच्चीतल्या कुंड्यांत मिसळला. सूचीच्या शेवटी मी नोंद केली, एकूण कथा एकशे त्रेचाळीस, पुढे काही नाही. सप्टेंबरमध्ये सूची संस्थेला दिली.

त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली. एका माणसाचं थोडं ऋण फेडलं असं वाटलं.

९

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ‘नभोरेखा’ आला. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात, भर गर्दीत उभं राहून मी अनुक्रमणिका उघडली. रिसबूड हे नाव असणार नाही याची खात्री होती. ते होतं.

‘अहो – सुशीला रिसबूड – ९६.’

मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले. कथा एकाच पानाची होती.

‘अहो, ऐकलंत का? माझा दिवा लागला आहे. तुम्ही सांगितलं होतंत तसंच छत आहे. तुम्ही शेजारी आहात, पण तुमचा दिवा विझलेला आहे. मी हाका मारते. तुम्ही कूस बदलत नाही. तुम्हाला उठवू नका असं मीच सांगून आले. ते माझं चुकलं. इथं एकटीला फार भीती वाटते हो. कुणी हे वाचत असेल तर, ह्यांची एक कथा पूर्णिमाकडे दिली आहे. तेवढी छापा. म्हणजे हे उठतील.’

माझ्या शेजारी कुणी तरी दिवाळी अंकांची यादी दुकानदाराला वाचून दाखवत होतं. मी शर्मिलाला फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला.

‘‘पाहिलात ना अंक!’’ शर्मिलाचा आवाज आनंदानं भरून आला होता. ‘‘आई कधी एक ओळ लिहायची नाही हो, आणि जाता जाता हे लिहून ठेवलं. मागच्या खोलीत पलंगावर पानं सापडली. पोतनीसांनी अंक थांबवून घेतली. लोकांचे फोन येताहेत.’’

‘‘तारीख होती का खाली?’’

‘‘होती. सप्टेंबर लिहिलंय. तिचं शेवटी तारखांचं भान गेलं होतं.’’ मग म्हणाली, ‘‘ताई, बाबांची खरंच एखादी कथा आहे का तुमच्याकडे? आईनं गोष्टीत तुमचं नाव घातलंय, म्हणून विचारते. असेल तर पुढच्या वर्षी दोघांच्या शेजारी शेजारी छापू.’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘आता नाही.’’

‘‘असू दे. आईची सूचीसुद्धा तुम्हीच करा हं.’’

‘‘शर्मिला, ऐका माझं. आईचं पुन्हा काही सापडलं तर छापायला देऊ नका. पाया पडते तुमच्या.’’

ती बोलली, दुखावलेल्या, थंड, सभ्य आवाजात.

‘‘असं काय म्हणता? आयुष्यभर बाबांची पाकिटं चिकटवली तिनं. पहिल्यांदा तिचं नाव छापून आलं. आणि तुम्ही...’’ तिनं नाक ओढलं. ‘‘दुसरी आज सकाळीच मिळाली मला. पोतनीस दिवाळीनंतर पुरवणी काढताहेत, तिच्यासाठी पाठवलीसुद्धा.’’

मी मांडीवरचा अंक मिटला.

‘‘पहिलीपेक्षा मोठी आहे,’’ शर्मिला म्हणाली. ‘‘सोळा पानं. पण काय लिहिलंय कळत नाही हो. पानभर फक्त ‘अहो’, ‘अहो’, ‘अहो’.’’